पांढरी एकचा विजयकुमार

विजयकुमार माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याला बऱ्याच शिव्या घालणार आहे. आणि तो हक्क माझा आहे. दुबईच्या देरामधल्या एका खोलीत आम्ही पाच वर्षं वरखाली पलंगांवर काढली. तो वर, मी खाली. त्याच्या घोरण्याचा ताल कोणता ते मी आजही सांगू शकतो.

मी हमदुल्ला. गाव हर्णै, तालुका दापोली. आता दुबईपासून तासाभरावर, रास अल खैमाला जुन्या फर्निचरचं गोडाऊन आहे माझं. माझी बायको शहनाझ त्याला भंगारखाना म्हणते, ते सोडा. गोरे लोक नोकरी संपवून मायदेशी परत जातात, जाताना पलंग, कपाटं, सोफे कवडीमोलानं टाकून जातात, ते मी उचलतो, पॉलिश मारतो आणि विकतो. पण त्याआधी मी ऑक्टोपॅड वाजवायचो. आठ रबरी चौकोन असतात, काठी मारली की ढोलकी म्हणा, डफ म्हणा, हवा तो आवाज. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात मी ऑक्टोपॅडवर आणि विजय कीबोर्डवर. दोन हजार चारला दोघं एकाच विमानानं दुबईला आलो. देराच्या एका हॉटेलात आमचा पाच जणांचा बँड होता. आम्ही दोघं, बेसवर अंकुर, गिटारवर रामचंद्र आणि गायला अलिशा.

विजय डोंबिवलीचा. त्याचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आणि त्या पेटीची एक भानगड होती. ती होती स्केलचेंजर. गाणाऱ्याचा आवाज उंच असो की खालचा, खटका सरकवला की पेटीची पट्ट्यांची अख्खी रांग सरकते, वाजवणाऱ्यानं बोटं हलवायची गरज नाही. मग वडिलांनी पोराला एकच पट्टी शिकवली, पांढरी एक. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, सरळ रस्ता. पुढे विजय कीबोर्डवर आला तर त्यावर ट्रान्स्पोजचं बटण. काम तेच. अलिशाला वरची पट्टी हवी, दाब बटण. रामचंद्र गाणार, त्याला खालची हवी, दाब बटण. विजयची बोटं काही पांढरी एक सोडून आयुष्यात कुठं गेली नाहीत. आम्ही त्याला पांढरी एकचा विजयकुमार म्हणून चिडवायचो. तो हसायचा. ऐकणाऱ्याला काय फरक पडतो, म्हणायचा. आणि खरंच पडत नव्हता, तीच तर सगळी पंचाईत झाली.

दोन हजार आठला त्यानं नवा कीबोर्ड घेतला. अरेंजर म्हणतात त्याला. डाव्या हाताची तीन बोटं दाबायची, की मशीन स्वतःच ड्रम, बेस, गिटार, व्हायोलिन, सगळं वाजवायला लागतं. बोटं बदलली की मागचे सगळे सूर बदलतात. उजव्या हातानं नुसती चाल वाजवत राहायचं. एक माणूस बसतो आणि दहा जणांचा आवाज येतो. फक्त आपल्या गाण्यांचा ठेका त्यात नव्हता. त्यातली ढोलकी म्हणजे तेलाचा डबा बडवल्यासारखी. विजय म्हणाला, हमदू, तुझा हात यात भरून ठेवू या.

आणि मी गाढव, हो म्हणालो. आठ दिवस त्या खोलीत बसलो. ऑक्टोपॅडची वायर कीबोर्डला जोडलेली. मी वाजवायचं, त्यानं उचलायचं. एका ठिकाणी माझा ठोका केसभर मागे पडला, विजय चालेल म्हणत होता, तर मीच म्हटलं, नाही, पूस, परत घेऊ. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांड्यानं स्वतःच बसून धार लावून दिली. आठ ठेके झाले. विजयनं त्यांना नावं दिली, हमदू वन, हमदू टू, असं हमदू एटपर्यंत. छोट्या पडद्यावर माझं नाव उमटायचं. मी हर्णैला आईला फोन करून सांगितलं की तुझ्या पोराचा हात मशीनमध्ये गेला. ती घाबरली, तिला वाटलं अपघात झाला.

तशी ती चुकली नव्हती. वर्षभरात मंदी आली. हॉटेलातली टेबलं रिकामी पडायला लागली. एका दुपारी विजय एकटाच हमदू थ्री लावून सराव करत होता, मालक जाता जाता थांबला आणि विचारलं, ढोलकी कोण वाजवतंय. विजयनं पडदा दाखवला. मालकानं माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्यात चहा पीत होतो. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं, विजयही तिथेच उभा होता, आणि मालक म्हणाला, खलास, या महिन्यापासून तू नको. त्या वेळी विजयनं एक शब्द बोलायला हवा होता. हा गेला तर मीही जातो, एवढाच. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. चार दिवसांनी मी माझे कागद घ्यायला गेलो, किचनच्या दारात उभा होतो, आणि आतून माझीच ढोलकी ऐकू येत होती. अल्लाची शपथ, इतकं सुंदर मी कधी वाजवलं नव्हतं.

त्यानंतर पंधरा वर्षं मी विजयशी बोललो नाही. बायकांचं मात्र चालू होतं. ईदला शहनाझ शीरखुर्मा पाठवायची, गणपतीत विभावरीवहिनी, म्हणजे विजयची बायको, मोदक पाठवायच्या. मी मोदक खायचो आणि विजयला शिव्या द्यायचो. एकेक बातमी कानावर यायची. माझ्यानंतर अंकुर गेला, कारण मशीनचा बेस चांगला. मग रामचंद्र. अलिशा सगळ्यांत शेवटी, जेव्हा असं मशीन आलं की विजय एकटा गायला की मागे दोन बायकांचे आवाज आपोआप लागायचे. दरवेळी नवा कीबोर्ड विजयच आणायचा. न आणून करतो काय, नाहीतर दुसऱ्या कुणी आणला असता. हे मला आज समजतं. तेव्हा समजून घ्यायचंच नव्हतं.

मग देराचं ते हॉटेलच बंद झालं आणि विजयला इथे रास अल खैमाला, समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात एकट्याचं काम मिळालं. लॉबीत चार ते आठ, लोक चहा-केक खातात तेव्हा वाजवायचं. व्हिसाच्या कागदावर धंदा लिहिला, पियानोवादक. कीबोर्डवाल्याचा शब्द क्लार्कच्या यादीत नव्हता. घरी सगळे त्यावर हसले म्हणे. आठ वर्षं हसले.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. सकाळी दहाला मी एका कपाटाला पॉलिश मारत होतो, आणि दारात विजय. केस रंगवलेले, पोट सुटलेलं, हातात मिठाईचा बॉक्स. मी विचारलं, काय पाहिजे, पलंग की कपाट. तो म्हणाला, पियानो.

पियानो होता माझ्याकडे. एका इंग्रज कुटुंबानं व्हिला सोडताना टाकलेला, भिंतीला लावतात तसा उभा. आठशे दिरहमला द्यायला तयार होतो, म्हणजे साधारण साडेअठरा हजार रुपये, तरी चार महिने गिऱ्हाईक नव्हतं. त्याच्यावर गाद्या रचून ठेवल्या होत्या.

विजय एका विकाऊ खुर्चीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. हॉटेलात नवा मॅनेजर आलाय. त्यानं ठरवलंय की एक नोव्हेंबरपासून लॉबीत मोठा, खरा पियानो, कीबोर्ड बंद. मशीनचं संगीत स्वस्त वाटतं म्हणे. मग त्यानं कागद काढून बघितले आणि खूश झाला, अरे, आपला माणूस पियानोवादकच आहे. विजय येस सर म्हणून बाहेर आला. परत बुटांकडे बघत होता का, ते मी विचारलं नाही.

मी हसलो. खोटं कशाला बोलू, इतका हसलो की सोफ्यावर बसावं लागलं. पंधरा वर्षांनी अल्लानं कसं बरोबर गाठलं याला, असं वाटलं.  माझं हसून झालं तेव्हा तो म्हणाला,

"माझी पोरगी शुभ्रा बारावीला आहे. फेब्रुवारीत बोर्ड. माझा व्हिसा गेला की तिचा आणि विभावरीचाही जातो. सहा आठवडे आहेत, आणि मला पियानो येत नाही, हमदू."

चोपन्न वर्षांचा माणूस. तीस वर्षं वाजवून पोट भरलेला. विभावरीवहिनींना त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं नवा पियानो म्हणजे बढती.

मी गाद्या खाली काढल्या. दया आली म्हणून नव्हे. मला बघायचं होतं.

तो बसला. उजव्या हातानं चाल सुरू केली, ती बरी होती, पांढरीतली. मग डाव्या हाताची तीन बोटं दाबली आणि थांबला. सवयीनं थांबला. आता मागून ड्रम येईल, बेस येईल, व्हायोलिनं येतील म्हणून. कोण येणार होतं? गोडाऊनमध्ये नुसता पंखा फिरत होता. विजयनं परत तीन बोटं दाबली. त्याचा चेहरा मला बघवेना, आणि मी तर बघायलाच बसलो होतो.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी नऊ ते बारा यायला लागला. सोमवारी त्याची सुट्टी, तेव्हा दिवसभर. घरी सांगायचा, हॉटेलात रिहर्सल आहे. पहिल्या आठवड्यात त्याची मनगटं सुजली, कारण पियानोची पट्टी दाबायला जोर लागतो, कीबोर्डची नुसती फुंकर मारली तरी दबते. शहनाझ गरम पाण्याची पिशवी आणि सांदणं पाठवायची. बोटांचं एक वेळ जमेल असं वाटत होतं. पण खरी गोम वेगळीच निघाली. त्याची लय गेली होती. पंधरा वर्षं मागून मशीन ठोका देत होतं, हा त्यावर आरामात बसून वाजवत होता. आता ठोका काढून घेतल्यावर सोप्या जागी धावायचा, अवघड जागी रांगायचा. मी ऐकत होतो आणि माझ्या अंगाची लाही होत होती. तिसऱ्या दिवशी राहवेना. शेजारी सागवानी साइडबोर्ड होता, त्यावर तळहातानं ठेका धरला. हमदू थ्री. विजयनं मान वर करून बघितलं. मी म्हटलं, इकडे काय बघतोस, तिकडे बघ, सम चुकतेय तुझी.

तिथून माझं डोकं फिरलं म्हणा. मी त्याची फजिती बघायला बसलो होतो, आणि दहा दिवसांनी तो वीस मिनिटं उशिरा आला तर मीच त्याच्यावर ओरडत होतो. गिऱ्हाईक आलं तर यल्ला, नंतर या, म्हणून वाटेला लावत होतो. एका बाईंना डायनिंग टेबल हवं होतं, त्यांना मी दोन तास बसवून ठेवलं. शहनाझ म्हणाली, तुमचं दुकान की त्याची शाळा. मी म्हटलं, गप्प बस.

पांढरी एकही त्याला सोडायला लावली. चार तास एकाच पट्टीत वाजवलंस तर लोकांना कंटाळा येईल, आणि का येतोय तेही त्यांना कळणार नाही, असं मी त्याला सांगितलं. काळ्या पट्ट्यांवर त्याची बोटं सुरुवातीला चिखलातल्या पायांसारखी घसरायची. तो रडकुंडीला यायचा. म्हणायचा, बाबांनी एकच शिकवलं रे. मी म्हणायचो, बाबा गेले, पेटी गेली, आता तू शीक.

आणि शिकला. हे मी तोंडदेखलं सांगत नाही, कौतुक करायला मला जड जातं. ऑक्टोबर संपता संपता त्याचे अकरा तुकडे बसले, दोन्ही हातांनी, तीन पट्ट्यांत. फार मोठं काही नाही, पण त्याचं स्वतःचं होतं. वळणावर तो किंचित मागे राहायचा, श्वास घेतल्यासारखा, आणि मग सुरावर यायचा. ती खोड नव्हती, तो विजय होता. मशीनच्या मागे इतकी वर्षं दडला होता, मलासुद्धा कधी ऐकू आला नव्हता.

शेवटच्या सोमवारी त्यानं आमची ओपनिंग ट्यून वाजवली. देरात असताना रोज कार्यक्रम सुरू करायला आम्ही पाच जणांनी मिळून बांधलेली, नावसुद्धा न दिलेली चाल. या वेळी काळी दोनमध्ये. मी साइडबोर्डवर. एक पठाण ट्रकवाला पाठीवर कपाट घेऊन चालला होता, तो ते खाली ठेवून ऐकत उभा राहिला. संपल्यावर विजयनं चष्मा काढून पुसला. म्हणाला, "त्या दिवशी मालकासमोर मी बोलायला हवं होतं."

मी म्हटलं, "हो. हवं होतं."

झालं. पंधरा वर्षांचं तेवढ्यात मिटलं. मग आम्ही उरलेली सांदणं खाल्ली.

एक नोव्हेंबर आला. मी दिवसभर फोन जवळ घेऊन बसलो. नाही आला. दोन तारीख, तीन तारीख, नाही. मी केला तर उचलला नाही. विभावरीवहिनींकडून शहनाझला कळलं की सगळं झकास आहे, मॅनेजर खूश आहे, तीन वर्षांचं काँट्रॅक्टही झालं. वहिनी मैत्रिणींना घेऊन लॉबीत जाऊन आल्या होत्या, व्हिडिओ काढून डोंबिवलीला पाठवला होता. शुभ्रानं तो बघून डॅड, यू आर सो गुड, असं म्हटलं म्हणे, आणि ती पोरगी बापाचं कधी कौतुक करत नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण राग जास्त आला. गरज सरो, वैद्य मरो. शहनाझ म्हणाली, कुढत बसण्यापेक्षा जाऊन ऐकून येऊ.

गुरुवारी पाच वाजता गेलो. इस्त्रीचा शर्ट वगैरे घालून. चहा नव्वद दिरहम, म्हणजे एका चहाला दोन हजारांवर रुपये, पण म्हटलं, आज जाऊ दे. लॉबीच्या मधोमध काळा, चकचकीत, लांबलचक पियानो, आणि सूटमध्ये विजय. वाजत होतं ते काहीतरी विलायती, फार सुरेख. शहनाझ पियानोकडे पाठ करून बसली, तिला समुद्र बघायचा होता. माझं तोंड विजयकडे. पहिली दोन मिनिटं माझा ऊर भरून आला. बाजूच्या टेबलावरच्या लोकांना सांगावंसं वाटलं की हा माझ्या गोडाऊनमध्ये शिकला.

मग माझा हात टेबलावर ठेका धरायला लागला, सवयीनं, आणि कुठंतरी खटकलं. ठोका चुकत नव्हता म्हणून खटकलं. एक वळण आलं, तिथं मी त्याच्या श्वासासाठी थांबलो, आणि तो थांबला नाही. दुसरं वळण आलं, तिथंही नाही. सहा आठवडे मी त्या माणसाची लय हातानं धरून चालवली आहे. ही त्याची नव्हती. ही कुणाचीच नव्हती.

मी नीट बघितलं. विजयचे दोन्ही हात मधल्या पट्ट्यांवर होते, आणि अगदी डावीकडे, त्याच्यापासून हातभर लांब, दोन पट्ट्या आपोआप खाली जात होत्या आणि वर येत होत्या.

त्यानं मला बघितलं. चेहरा पडला, पण हात चालूच ठेवले.

सहाला त्याची दहा मिनिटांची सुट्टी. आम्ही मागे पार्किंगमध्ये उभे राहिलो. तो सूटची बटणं सोडत सांगत होता. एक तारखेला सकाळी दुबईहून टेक्निशियन आला, टॅब्लेट जोडला. प्रत्येक पट्टीखाली मोटर आहे. हजारो तुकडे भरलेले आहेत, जगातल्या मोठमोठ्या वाजवणाऱ्यांचे. मॅनेजरनं सांगितलं, तुम्ही फक्त बसा, हात थोडे हलवा, हसतमुख राहा, पाहुण्यांना समोर माणूस लागतो.

"ह्या वेळी मी बोललो, हमदू," विजय म्हणाला. "दोनदा बोललो. सर, मला येतं, बंद करा हे, मी वाजवतो. तो म्हणाला, नको, क्वालिटी रोज सारखी हवी."

मी म्हटलं, ऊठ, आत्ताच्या आत्ता चल. माझ्या दुकानाच्या लायसन्सवर तुला कामावर घेतो, कपाटं विकू, सकाळी पियानो वाजव. मी कुणावर रागावलोय तेच कळत नव्हतं. विजयनं मान हलवली. व्हिसा बदलायला वेळ जाणार, मध्ये काही अडकलं तर शुभ्राचं वर्ष जाणार. मग तिचं कॉलेज. काँट्रॅक्ट तीन वर्षांचं आहे, त्याची सही झाली आहे. आणि विभावरीला काय सांगू, म्हणाला, ती व्हिडिओ पाठवत सुटलीय, नातेवाईक फोन करून अभिनंदन करतायत. पगारही तोच आहे. तक्रार करायला जागाच नाही.

मग म्हणाला,

"माझ्यामुळे तुम्हा चौघांना उठावं लागलं. पण तुम्ही उठलात तरी. मला कोण उठवणार? माझ्या जागी जे यायचं होतं ते आलं, आणि मीही तिथंच बसलोय."

  त्यानं बटणं लावली आणि आत गेला.

मीही टेबलावर येऊन बसलो. पियानो आधीच सुरू झाला होता, तो बसायच्या आत. विजयनं हात पट्ट्यांवर ठेवले, माझ्याकडे बघितलं, आणि मग दोन्ही हात उचलून आपल्या गुडघ्यांवर ठेवले. सरळ, सगळ्यांसमोर.  आता कुणीतरी बघणार, ओरडणार, मॅनेजर धावत येणार. मी सवयीनं मात्रा मोजत होतो. सोळा मात्रांची चार आवर्तनं झाली. संगीत चालू होतं. पलीकडच्या टेबलावर एक बाई केक कापत होती. कुणीतरी बिल मागितलं. एकही मान वळली नाही.

पाचव्या आवर्तनाला त्यानं हात परत पट्ट्यांवर ठेवले.

शहनाझनं समुद्राकडे बघत चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "विजयभाऊ किती छान वाजवतात ना. देराला असताना कुठं असं वाजवायचे?"

मी हो म्हटलं.

तिला मी अजून सांगितलेलं नाही. ती वहिनींना सांगेल, मग सगळंच कोसळेल. म्हणजे आता मीही त्यात आलो. कधी वहिनी भेटतात, रिहर्सलला तुम्हीच मदत केलीत म्हणे, असं म्हणतात, आणि मी बुटांकडे बघतो.

पियानो गोडाऊनमध्येच आहे. डिसेंबरात एक गिऱ्हाईक आलं, हजार दिरहम द्यायला तयार होतं, मी विकला गेलाय म्हणून सांगितलं. सोमवारी सकाळी मी त्याच्यावरच्या गाद्या काढून ठेवतो, साइडबोर्ड पुसतो आणि बारापर्यंत वाट बघतो. विजय अजून आलेला नाही. एकदा फोनवर म्हणाला, बोटं दुखतात रे. मी विचारलं, कशानं? त्यावर त्यानं फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.